पीएफ कापू द्यावा की पैसा हातात घ्यावा?

पेढीवर नवीन माणूस ठेवताना पगाराची बोलणी संपली की एक विनंती हमखास ऐकायला मिळते, "सेठ, पीएफ कापू नका. जे काही आहे ते हातात द्या, आमचे आम्ही कुठेतरी लावू." विनंती करणारा कधी काउंटरवरचा सेल्समन असतो, कधी जमाखर्च लिहिणारा मेहता, तर कधी शिलाई कारखान्यातला कटिंग मास्टर. कारणे बहुधा तीन सांगितली जातात. पहिले, पीएफवर व्याज मिळते आणि व्याज हराम आहे. दुसरे, सरकारी कचेरीत गेलेला पैसा वेळेवर परत येत नाही. तिसरे, तोच पैसा सोन्यात, गाळ्यात किंवा एखाद्या नातलगाच्या धंद्यात लावला तर लवकर वाढेल.

तिन्ही कारणांत थोडेफार तथ्य आहे, म्हणून हा प्रश्न हसण्यावारी नेता येत नाही. साठीनंतर घरात किती येणार, बायकोच्या दवाखान्याला कोणापुढे हात पसरावा लागणार की नाही, हे या एका निर्णयावर पुष्कळसे ठरते.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. आम्ही पगार देणाऱ्यांच्या बाजूला बसतो. कामगाराने पीएफ नको म्हटले की पहिला फायदा आमच्यासारख्यांचा होतो; दरमहा आमच्या गल्ल्यातून जाणारी रक्कम वाचते. तेव्हा या लेखातला सल्ला आमच्या खिशाच्या विरुद्ध जाणारा आहे, हे ध्यानात ठेवून तो वाचावा.

कापड मागावर आले, पीएफ गिरणीत राहिला

भविष्य निर्वाह निधीचा कायदा १९५२ साली झाला. सुरुवातीला तो ज्या सहा उद्योगांना लागू झाला त्यांत कापड उद्योग होता. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात आपले अनेक लोक होते. गिरणीतला पगार फार मोठा होता असे नाही, पण निवृत्त होताना हातात फंड यायचा, ग्रॅच्युइटी यायची. त्या रकमेतून गावाकडे घर झाले, मुलीचे लग्न झाले, कोणी हजला गेला.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. त्याच्या आधीपासूनच विणकाम भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांकडे सरकत होते, संपानंतर ते अधिक वेगाने सरकले. कापड मागावर आले, पण पीएफ गिरणीतच राहून गेला. मागावर मजुरी मीटरच्या हिशेबाने. एकाच छपराखालचे माग बापाच्या, मुलाच्या आणि भावाच्या नावावर वेगवेगळे दाखवलेले, म्हणजे कायद्याने सांगितलेली वीस कामगारांची संख्या कोणत्याच नावावर भरू नये. त्यामुळे तीस तीस वर्षे बारा तासांची पाळी करूनही ज्याच्या नावावर एक पैसा जमा नाही असा कारीगर आपल्या प्रत्येक मोहल्ल्यात सापडतो.

याचा परिणाम मार्च २०२० मध्ये सर्वांनी पाहिला. टाळेबंदी लागली, माग थांबले आणि मजुरी त्याच दिवशी बंद झाली. त्या महिन्यात सरकारने पीएफ खातेदारांना तीन महिन्यांचे मूळ वेतन व महागाई भत्ता, किंवा खात्यातील ७५ टक्के रक्कम, यांपैकी जे कमी असेल ते काढण्याची मुभा दिली. ही रक्कम परत भरायची नव्हती. ज्याचे नाव पटावर होते त्याला निदान हा एक दरवाजा उघडा होता. ज्याचे नाव कुठेच नव्हते तो नाशिकच्या रस्त्याने उत्तर प्रदेशाकडे पायी निघाला.

कागदावरचा हिशेब

आता आकडे पाहू. सप्टेंबर २०१४ मध्ये पीएफसाठी पगाराची मर्यादा १५,००० रुपये ठरली. आम्ही हिशेब त्याच आकड्यावर मांडतो. मर्यादा बदलली तर आकडे बदलतील, रीत तीच राहील.

कामगाराच्या पगारातून १२ टक्के, म्हणजे १,८०० रुपये कापले जातात. मालक आपल्या पदरचे आणखी १२ टक्के, म्हणजे तेवढेच १,८०० रुपये घालतो. मालकाच्या या हिश्शाचे दोन भाग होतात. ८.३३ टक्के, म्हणजे सुमारे १,२५० रुपये १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेत जातात, उरलेले सुमारे ५५० रुपये कामगाराच्या पीएफ खात्यात पडतात.

पंचवीस वर्षे असेच चालले असे धरू. वाढ, व्याज सगळे बाजूला ठेवू. कामगाराचे स्वतःचे ५,४०,००० रुपये झाले. मालकाचे पीएफमधले १,६५,००० आणि पेन्शन योजनेतले ३,७५,०००, मिळून पुन्हा ५,४०,०००. जो माणूस "पीएफ नको, हातात द्या" म्हणतो, त्याच्या हातात फक्त स्वतःचे १,८०० रुपये येतात. मालकाचे १,८०० मालकाकडेच राहतात. म्हणजे सोने घ्यायचे की गाळा, हे ठरण्याआधीच त्याने अर्धी पुंजी सोडून दिलेली असते. बाजारात असा कोणता व्यापार आहे की ज्यात रुपया लावताच दुसरा रुपया समोरून येतो? आमच्या पाहण्यात नाही.

पेन्शनचा हिशेबही सोपा आहे. शेवटच्या साठ महिन्यांच्या पेन्शनपात्र पगाराची सरासरी काढायची, तिला सेवेच्या वर्षांनी गुणायचे आणि सत्तरने भागायचे. १५,००० गुणिले २५ भागिले ७०, म्हणजे दरमहा सुमारे ५,३५७ रुपये. वीस वर्षांहून अधिक सेवा करून ५८ व्या वर्षी निवृत्त झाल्यास सेवेत दोन वर्षांची भर मिळते, मग आकडा ५,७८५ च्या आसपास जातो. किमान दहा वर्षे सेवा झाल्याशिवाय मासिक पेन्शन मिळत नाही. पेन्शनर वारला तर बेवा पत्नीला निम्मी पेन्शन चालू राहते, लहान मुलांनाही हिस्सा असतो.

याखेरीज पटावरचा कामगार नोकरीत असताना वारला तर वारसांना ठेव-संलग्न विमा योजनेतून सात लाखांपर्यंत रक्कम मिळू शकते. तिचा हप्ता मालक भरतो, कामगाराकडून काही कापले जात नाही. ग्रॅच्युइटी वेगळी. जिथे दहा किंवा अधिक माणसे कामाला आहेत तिथे, साधारणपणे पाच वर्षे सलग नोकरी झाल्यावर, दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार. १५,००० रुपयांवर पंचवीस वर्षांचे २,१६,००० च्या वर होतात. ग्रॅच्युइटी ही सरळ मालकाने द्यायची रक्कम आहे. तिथे व्याजाचा प्रश्नच येत नाही.

व्याजाचे काय?

हा भाग नाजूक आहे. आम्ही कापड विकणारे, फतवा देणे आमचे काम नाही. उलमांची मते जशी आमच्या माहितीत आहेत तशी मांडतो.

देवबंदी परंपरेतील अनेक मुफ्तींचे म्हणणे असे की, जी कपात सक्तीची आहे ती कामगाराच्या ताब्यात कधी आलीच नव्हती. त्याने ती रक्कम आपल्या मर्जीने कोणाला कर्ज म्हणून दिलेली नाही. त्यामुळे तिच्यावर मिळणारी भर, नाव व्याज असले तरी, शरीअतच्या दृष्टीने सूद ठरत नाही. ती मोबदल्याचाच एक भाग आहे. दुसऱ्या काही उलमांना हे पटत नाही. ते म्हणतात, भर पडते तेवढी रक्कम वेगळी काढावी आणि सवाबची नियत न करता गरजवंतांना देऊन टाकावी. तिसरी गोष्ट स्वखुशीच्या जादा कपातीची. कायद्याने बारा टक्के सांगितले असताना कोणी जादा व्याजासाठी वीस टक्के कापून घेतो. तिथे पहिल्या मताचे मुफ्तीही परहेज करायला सांगतात, कारण ती रक्कम आपण होऊन ठेवलेली असते.

या तिन्ही मतांत एक गोष्ट समान आहे, आणि आपले बंधू नेमकी तीच नजरेआड करतात. मालकाचा हिस्सा हा कामगाराच्या मेहनतीचा मोबदला आहे. तो हलाल रोजीचा भाग आहे, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो फक्त वर पडणाऱ्या भरीबद्दल. २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन्ही वर्षांसाठी पीएफवर ८.२५ टक्के दर जाहीर झाला होता. ज्याला ही भर घ्यायची नाही त्याने खात्याच्या उताऱ्यात ती वेगळी लिहिलेली असते ती पाहावी, तेवढी बाजूला काढावी. पण पावाला बुरशी लागेल या भीतीने गव्हाचे पोतेच सोडून देणे, हा कुठला परहेज? ज्याच्या मनात शंका आहे त्याने आपल्या विश्वासातल्या मुफ्तीसाहेबांपुढे पगाराची पावती आणि पीएफचा उतारा ठेवून विचारावे. नुसते "पीएफ जाइज आहे का" असे विचारले तर उत्तरही अर्धेच मिळते.

पेन्शनची उणी बाजू

आम्ही पीएफची वकिली करतो आहोत असे कोणी समजू नये. त्याचे दोष मोठे आहेत आणि ते माहीत असायला हवेत.

पहिला दोष, पेन्शन एकदा ठरली की महागाईबरोबर वाढत नाही. ५८ व्या वर्षी मिळणारे पाच हजार ७५ व्या वर्षीही पाच हजारच. मधल्या काळात डाळ, दूध आणि औषध कुठे जाईल ते प्रत्येकाने आपल्या घराच्या गेल्या सतरा वर्षांच्या खर्चावरून ताडून पाहावे. सप्टेंबर २०१४ मध्ये किमान पेन्शन १,००० रुपये ठरवली गेली. तेवढ्यात तेव्हाही घर चालत नव्हते. म्हणून एकट्या पेन्शनवर बुढापा टाकून निश्चिंत होणे ही चूक आहे.

दुसरा दोष मालकांच्या बाजूचा. काही ठिकाणी पगारातून कपात होते पण कचेरीत भरणा होत नाही. काही ठिकाणी मालकाचा हिस्साही कामगाराच्याच मजुरीतून वळता केला जातो. दोन्ही बेकायदा आहे. भरणा पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत व्हायला हवा. प्रत्येक खातेदाराला २०१४ पासून बारा आकडी यूएएन क्रमांक मिळतो. तो मोबाइलला जोडला की उमंग अ‍ॅपवर खात्याचा उतारा दिसतो. दर तीन महिन्यांनी तो पाहावा. स्वतःला जमत नसेल तर कॉलेजात जाणाऱ्या मुलीला सांगावे.

तिसरा दोष आपल्या नावांचा. आधारवर "मोहम्मद", पीएफमध्ये "मो.", बँकेत "मुहम्मद", शाळेच्या दाखल्यावर नुसते "शेख". कुठे बापाचे नाव पुढे, कुठे मागे. जन्मतारीख तर पुष्कळांची शाळेत नाव घालताना अंदाजाने लिहिलेली. नोकरी चालू असताना याची कोणाला आठवण होत नाही. पैसे काढायची वेळ आली की अर्ज परत येतो आणि माणूस म्हणतो, सरकार पैसा देत नाही. नोकरीला लागल्याच्या पहिल्या महिन्यातच सर्व कागदांवर नाव आणि तारीख एकसारखी करून घ्यावी. मालक हयात आणि कारखाना चालू असताना ही दुरुस्ती सोपी असते, नंतर अवघड होते.

चौथी गोष्ट वारसाची. लग्नापूर्वी केलेले पीएफचे नामांकन लग्न झाल्यावर रद्द ठरते. पुष्कळांनी आईचे किंवा भावाचे नाव लिहिलेले असते आणि ते तसेच राहते. लग्नानंतर नवे नामांकन करावे. ज्याच्या हातात पीएफची रक्कम येईल तो अमानतदार आहे. ती रक्कम शरीअतच्या हिश्शांप्रमाणे पत्नी, मुले आणि आईबापांत वाटायची असते. हे घरातल्यांना हयातीतच सांगून ठेवावे म्हणजे जनाजा उठल्यावर भांडण उठत नाही.

स्वतः गुंतवायचे तर

पीएफवर भागत नाही, मग सोबत काही हवे. आपल्या लोकांच्या सवयीचे मार्ग एकेक करून पाहू.

सोने. घरात सोने असले की धीर असतो हे खरे. पण दागिना घेताना घडणावळ जाते, मोडताना तूट जाते. निसाब पूर्ण असेल तर दरवर्षी अडीच टक्के जकात आहे. आणि सोने दरमहा काही देत नाही. खर्चासाठी ते तोडून तोडूनच विकावे लागते. आजारपणासाठी राखीव म्हणून सोने ठीक, दरमहाच्या चुलीसाठी नव्हे.

गाळा किंवा खोली. भाड्याचे उत्पन्न हलाल आहे, महागाईबरोबर थोडेफार वाढते, आणि भाड्याने दिलेल्या जागेच्या किमतीवर जकात नाही, शिल्लक राहिलेल्या भाड्यावर आहे. म्हणून व्यापाऱ्याला ही गुंतवणूक आवडते. मात्र जागा घेताना कागद पाहत नाहीत ही आपली जुनी खोड. सप्टेंबर २०२० मध्ये भिवंडीत पटेल कंपाउंडमधील जिलानी बिल्डिंग रात्री कोसळली आणि पस्तीसहून अधिक माणसे गेली. बांधकामाची परवानगी, इमारतीचे वय, जमिनीचा सातबारा हे पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नये. भाडेकरू ठेवताना लीव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवून घ्यावा. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने तो लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे. ओळखीपोटी तोंडी दिलेली खोली म्हातारपणी भाडे देत नाही, कोर्टाच्या तारखा देते.

शेअर बाजार. दारू, व्याजी धंदा, जुगार यांपासून दूर असलेल्या आणि कर्ज मर्यादेत असलेल्या कंपन्या निवडणारे फंड आता आहेत. टाटा एथिकल आणि टॉरस एथिकल ही त्यांतली दोन नावे. मुंबई शेअर बाजाराने २०१० साली शरीअत निकषांवरचा निर्देशांकही काढला. दरमहा पाचशे हजार रुपये टाकता येतात. लांबच्या मुदतीसाठी, म्हणजे पंधरा वीस वर्षांसाठी, तरुण माणसाने याचा विचार जरूर करावा. पण बाजार खाली येतो तेव्हा कसा येतो तेही आठवावे. जानेवारी २०२० मध्ये सेन्सेक्स ४२ हजारांच्या आसपास होता, २३ मार्चला तो २६ हजारांच्या खाली बंद झाला. पुढे तो सावरला. पण ज्याला नेमका त्याच महिन्यात ऑपरेशनसाठी पैसा हवा होता त्याला सावरण्याचा उपयोग काय? निवृत्ती चार पाच वर्षांवर आली की तिथला पैसा हळूहळू काढून आणावा.

भिशी. भिशीत व्याज नाही, शिस्त लागते, म्हणून ती चांगली. पण भिशी पैसा जमवते, वाढवत नाही. भिशीच्या रकमेतून सोने किंवा जागेचा हप्ता भरला तर तिचे सार्थक. ती लग्नाच्या मांडवात गेली तर म्हातारपणाचे काही उरत नाही.

नातलगाच्या धंद्यात भागीदारी. मुदारबत हा आपल्याकडचा सुंदर व्यवहार आहे. एकाचा पैसा, दुसऱ्याची मेहनत, नफा ठरलेल्या वाट्याने, आणि नुकसान झाले तर ते पैसेवाल्याचे, मेहनत करणाऱ्याची मेहनत वाया. यात नुकसानीची शक्यता गृहीत आहे, हे पैसे लावणाऱ्याने समजून घ्यावे. देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याचा हुक्म कुरआन शरीफात सूरह बकरामध्ये आलेला आहे, तरी भाऊबंदकीत लिहिणे म्हणजे अविश्वास असे आपण मानतो. कागद नाही, हिशेब नाही, साक्षीदार नाही, अशा ठिकाणी बुढाप्याचा पैसा लावू नये.

"लाखाला दरमहा इतके"

एक इशारा वेगळा द्यावा लागतो. हलाल गुंतवणुकीच्या नावाने जाळे टाकणारे आपल्यातच निघाले. बंगळुरूची आय मॉनेटरी अ‍ॅडव्हायझरी ही कंपनी जून २०१९ मध्ये बंद पडली आणि तिचा प्रमुख देशाबाहेर निघून गेला; जुलैत परतताच त्याला अटक झाली. त्याआधी ऑक्टोबर २०१८ मध्ये हीरा ग्रुपच्या प्रमुखाला अटक झाली होती. दोन्ही ठिकाणी हजारो घरांचे पैसे अडकले. त्यांत बेवा होत्या, आखाती देशांतून परतलेले कामगार होते, निवृत्त होताच फंडाची सगळी रक्कम एकाच ठिकाणी टाकणारे शिक्षक होते. पीएफचे व्याज नको म्हणून तिथे पैसा काढून ठेवणारेही होते.

ओळखण्याची खूण सोपी आहे. "लाखाला दरमहा इतके" असे जो ठामपणे सांगतो, त्याच्याकडे मुदारबत नाही. धंद्यात एक महिना तेजीचा, एक मंदीचा. कापडाचा भाव आज आहे तो पुढच्या जुमेला राहत नाही. मग ठरलेली रक्कम दरमहा येते कुठून? बहुतेक वेळा मागून आलेल्याच्या पैशातून पुढच्याला दिली जाते. आणि ठरलेला परतावा हा तर व्याजाचाच भाऊ, दाढीटोपी घालून आलेला. पैसे घेणारी संस्था सेबीकडे किंवा रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेली आहे का, हे आधी पाहावे. अशा ठेवींत फसलेल्यांसाठी महाराष्ट्रात १९९९ चा ठेवीदार संरक्षण कायदा आहे, केंद्राने २०१९ साली अनियंत्रित ठेव योजनांवर बंदीचा कायदा केला. पण कायद्याने पैसा परत यायला वर्षे जातात, आणि म्हाताऱ्याकडे वर्षेच कमी असतात.

ज्यांना पीएफच नाही

मागवाले, रफूगार, जरीचे कारीगर, फेरीवाले आणि आम्ही दुकानदार, यांच्यासाठी मालकाचा हिस्सा नाहीच. २०१९ साली केंद्राने दोन योजना काढल्या. दरमहा १५,००० रुपयांपर्यंत कमाई असलेल्या असंघटित कामगारांसाठी श्रमयोगी मानधन, आणि दीड कोटींपर्यंत उलाढाल असलेल्या छोट्या व्यापाऱ्यांसाठी लघु व्यापारी मानधन. दोन्हींत प्रवेशाचे वय १८ ते ४०, हप्ता वयाप्रमाणे ५५ ते २०० रुपये, आणि तेवढीच भर सरकारची. साठीनंतर दरमहा ३,००० रुपये. २०१५ ची अटल पेन्शन योजना यापेक्षा निराळी. तिच्यात १,००० ते ५,००० पर्यंत पेन्शन निवडता येते, मात्र ऑक्टोबर २०२२ पासून आयकर भरणाऱ्यांना नव्याने प्रवेश नाही. यांच्याबद्दलही शरई मत आपापल्या मुफ्तींकडून घ्यावे. रकमा लहान आहेत. चाळिशी ओलांडलेल्याला हे दरवाजे बंद आहेत, म्हणून घरातल्या तरुणांनी आताच चौकशी करावी.

व्यापारी बंधूंचा समज असा की दुकान हीच आपली पेन्शन. दुकान ही पेन्शन तेव्हा, जेव्हा ते चालते. नोव्हेंबर २०१६ ची नोटबंदी, जुलै २०१७ चा जीएसटी, २०२० ची टाळेबंदी, हे तीन धक्के चार वर्षांत आले आणि पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या कित्येक पेढ्यांची शटर खाली आली. वहीत लिहिलेली उधारी ही पुंजी नव्हे; बाजार बसला की सर्वांत आधी तीच बुडते. शिवाय मुलगा गल्ल्यावर बसला की दोन चार वर्षांत बापाला चहापाण्यालाही त्याच्याकडे पाहावे लागते. मुलगा नालायक असतो असे नाही. त्याच्यामागे त्याचा संसार असतो. म्हणून माल आणि उधारी यांच्याबाहेर, धंद्याच्या कर्जात न गुंतलेली, नवराबायको दोघांच्या नावावर एक तरी उत्पन्न देणारी गोष्ट असावी. हजरत सअद बिन अबी वक्कास यांना रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांनी जी नसीहत केली, तिचा आशय हाच की वारसांना लोकांपुढे हात पसरायला लावण्यापेक्षा सुस्थितीत सोडून जाणे बरे. आपण स्वतः मुलांवर ओझे न होणे हाही त्याचाच एक भाग आम्ही समजतो.

आमचे मत

पीएफ की स्वतःची गुंतवणूक, असा एकातून एक निवडण्याचा हा प्रश्नच नाही. क्रम लावण्याचा आहे.

ज्याला नोकरीत पीएफ मिळतो त्याने तो सोडू नये. मालकाचा हिस्सा पूर्ण घ्यावा. १५,००० पर्यंत पगार असलेल्याला, कायदा लागू असलेल्या ठिकाणी, तो सोडण्याची मुभाही नाही. भरीबद्दल शंका असेल तर ती वेगळी काढावी. सक्तीपेक्षा जादा कपात करून घेऊ नये. तो पैसा स्वतःच्या हाताने लावावा. त्यातला पहिला भाग सहा महिन्यांच्या घरखर्चाइतका सहज हाती येईल असा राखावा, दुसरा भाड्याच्या जागेकडे किंवा शरीअत निकषांच्या फंडाकडे हळूहळू न्यावा. नोकरी बदलताना पीएफ काढून खाऊ नये, जुने खाते नव्या नोकरीत वळते करून घ्यावे. नाहीतर पेन्शनची दहा वर्षे कधीच भरत नाहीत. निवृत्तीच्या वेळी आलेली रक्कम एका माणसाच्या, एका कंपनीच्या हाती देऊ नये, मग तो माणूस पाच वक्त नमाजी का असेना.

शेवटी आमच्याच जातभाई मालकांना दोन शब्द. मजुराची मजुरी त्याचा घाम सुकण्याआधी द्यावी, हे आपण सर्व जाणतो आणि जलशांतून ऐकतो. पीएफ ही त्याच मजुरीची राखून ठेवलेली बाजू आहे. कापून न भरणे ही सरळ खयानत आहे. आपल्याकडे वीस माणसे नसली तरी मालक आणि कामगार दोघांच्या संमतीने नोंदणी करता येते. तेही झेपत नसेल तर निदान प्रत्येक जुन्या माणसाच्या नावे दरवर्षी पंधरा दिवसांचा पगार वेगळ्या वहीत मांडावा आणि तो पैसा बाजूला ठेवावा. ज्याने वीस वर्षे आपल्या दुकानाचे ताके उचलले, त्याची पाठ वाकल्यावर त्याला जकातीच्या रांगेत उभे करून दोनशे रुपये हातावर ठेवणे आणि त्याला नेकी समजणे, हे आम्हाला मान्य नाही. जे त्याच्या हक्काचे होते ते हक्क म्हणूनच द्यावे.

येत्या पगाराच्या दिवशी कामगाराने आपला उतारा पाहावा आणि मालकाने आपली वही. दोघांचे आकडे जुळले तर अल्लाहचे शुक्र मानावे. जुळले नाहीत तर त्याच दिवशी बसून जुळवावेत.